केवळामावशीचं अर्धं वाक्य

केवळामावशी समोरून येताना दिसली की आमच्या गावातली माणसं काहीतरी विसरल्यासारखं करून घरात परत जायची. कुणी चष्मा विसरायचं, कुणी मोबाईल. आत जाऊन पाणी प्यायचं, दोन मिनिटं टेकायचं आणि मग पुन्हा निघायचं. केवळामावशी त्याहून शहाणी. लग्नाची वरात दिसली, कुणी नव्या कामाला निघालेलं दिसलं, की ती आपणहून बोळात वळायची. बोळ नसला तर भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. मी नवी सून होते तेव्हा मला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. धावत गेले सावरायला. तिनं माझा हात झटकला अन् म्हणाली, "जा माय, तू म्होरं जा. मी हाय भिंतीला."

तिचा नवरा ती एकोणीस वर्षांची असताना विहिरीत पडून गेला. मूलबाळ नाही. दिराच्या पडवीत राहिली, राबली, आणि गावानं तिला एक काम लावून दिलं. कुणाचा नवरा गेला की मयत उचलायच्या आधी त्या बाईसमोर बसायचं, कुंकू पुसायचं आणि बांगड्या वाढवायच्या. फुटल्या म्हणायचं नाही बरं का! फोडायच्या दगडानं, काचा सगळ्या अंगणात, अन् म्हणायचं काय, तर वाढवल्या. पन्नास वर्षं हे काम केवळामावशीनं केलं. तिला कुणी विचारलं नाही, तुला करायचंय का म्हणून.

मी उज्वला. नायगाव तालुक्यातल्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा नवरा दयानंद शेती बघतो, आणि मी शाळेत असते म्हणून स्वयंपाक अन् धुणंही बघतो. त्याच्या हातची वरणफळं खाऊन बघा, मग बोला. त्यावरून गाव त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतं आणि मला पुरोगामी मॅडम. पुरोगामी हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा उच्चारतात, 'पु' वर जोर देऊन. माझे सासरे अण्णाराव, कपाळाला गंध, एकादशीला पाणीसुद्धा मोजून. त्यांना गावातली कॉलेजची पोरं मागून सनातनी म्हणतात. एका घरात दोन पाट्या. मी त्यांना मामा म्हणते. ते माझ्याशी फार बोलत नाहीत, पण पावसाळ्यात माझी स्कूटी रोज सकाळी फडक्यानं पुसून ठेवतात. आता ही पुरोगामी गोष्ट की सनातनी, तुम्हीच सांगा.

तीन वर्षांपूर्वी गावोगाव ठराव व्हायला लागले, विधवांच्या प्रथा बंद करायचे. आमच्या ग्रामसभेतही झाला. मसुदा मी लिहिला. त्यात मी सरळ लिहिलं होतं, "बांगड्या फोडण्यास बंदी." मामा उभे राहिले. म्हणाले, "आसला अशुभ शब्द कागदावर कशाला? वाढवणं लिहा." मी वाद घालायला हवा होता. पण सासरे उभे, सगळं गाव बघतंय, आणि ठराव एकदाचा मंजूर व्हावा म्हणून मी खाडाखोड केली. "बांगड्या वाढविण्यास बंदी." कुणीतरी मागून ओरडलं, "मंजी आता दोनच घालायच्या का, जास्त न्हाई?" सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. तिथंच माझं चुकलं, पण ते मला नंतर कळलं.

त्या दिवशी मी केवळामावशीला स्टेजवर बोलावून कुंकू लावलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, तालुक्याच्या पेपरात माझं नाव आलं. तिचं कपाळ माझ्या बोटाखाली थरथरत होतं. घरी जाताना बोळात वळल्यावर तिनं ते पदरानं पुसलं, हे मी बघितलं. मला रागच आला. इतकं सगळं आपण हिच्यासाठी करायचं अन् हिनं ते पुसायचं! मी तिला विचारलंही नाही, का पुसलं म्हणून. भीती म्हणून पुसलं असेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला तोवर भीती माहीतच कुठं होती?

ती माहीत झाली या दिवाळीनंतर. सकाळचे नऊ वाजले होते. मी डबा भरत होते आणि दयानंद अंगणात धुणं वाळत घालत होता. माझी ओली साडी दोरीवर टाकता टाकता तो खाली बसला. मला वाटलं, चिमटे पडले असतील. मग तो आडवा झाला. एकेचाळीस वर्षांचा माणूस, ना विडी ना तंबाखू. घामानं शर्ट भिजलेला, तोंडातून शब्द नाही. जीपमध्ये घालून नांदेडला आणलं, डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात. हार्ट अटॅक. ताबडतोब आत नेलं, नस मोकळी केली. पण दुसऱ्या दिवशी ठोके पुन्हा बिघडले आणि डॉक्टर म्हणाले, "बहात्तर तास काही सांगता येत नाही. तुम्ही आत गेलात की बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येतं पेशंटला."

जीपमध्ये बसताना शेजारची एक बाई दुसरीला म्हणत होती ते माझ्या कानावर पडलं. "गड्यामाणसाला बायकोचं लुगडं वाळत घालाय लावलं. मग व्हनार काय?" एरवी मी तिथल्या तिथं तिची चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी हिशेब करत होते, किती साड्या, किती वर्षं. सायन्स शिकवणारी बाई मी! हृदयाची आकृती फळ्यावर दरवर्षी काढते. आणि मनात म्हणत होते, देवा, याला उठव, मी धुणं स्वतः धुईन.

आयसीयूत दिवसातून दोनदा सोडायचे, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, एकाच माणसाला, दहा मिनिटं. पहिले दोन दिवस मी गेले. तिसऱ्या दिवशी दारावर नवी सिस्टर होती, नीलम्मा, देगलूरकडची. कडक बाई. माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "काचेच्या बांगड्या चालत न्हाईत आत. इन्फेक्शन होतंय पेशंटला. काढून या."

माझ्या हातात सहा-सहा हिरव्या बांगड्या. भावाच्या लग्नात भरलेल्या, सहा वर्षांपूर्वीच्या, त्यानंतर हात जाड झाले माझे. मी ओढून बघितल्या. अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडकायच्या. मी म्हणाले, "सिस्टर, निघत नाहीत हो." ती सहज म्हणाली, "मग फोडून टाका ना ताई. काचेच्याच हैत."

भिंतीला धरून मी बाकावर येऊन बसले. नवरा आत मरणाच्या दारात आणि मी बाहेर बसून बांगड्या फोडू? हे कुणी केलंय का आजवर? माझी आई काय म्हणेल, मामा काय म्हणतील, हे सगळं नंतरचं. खरं सांगायचं तर मला वाटलं, मी फोडल्या की त्याच क्षणी आतलं ते मशीन सरळ रेघ दाखवेल. मीच ठराव लिहिलेला. मीच मारलेली भाषणं, की काचेचा आणि माणसाच्या आयुष्याचा काही संबंध नसतो. सगळी भाषणं त्या बाकाखाली जाऊन लपली. अकराचे सव्वाअकरा झाले. दार बंद झालं. त्या दिवशी सकाळी त्याच्याशी कुणीच बोललं नाही.

आता पाच वाजता तरी जायला हवं होतं. पाचला नाही गेले आणि रात्रीतून काही झालं तर? आणि बांगड्या फोडून गेले आणि काही झालं तर? मी दोन्हीकडून सापडले होते. जेवण नाही, पाणी नाही. मनगटं ओढून ओढून लाल केली, साल निघालं, एक बांगडी निघाली नाही. तीन वाजले, साडेतीन झाले.

आणि जिन्यातून केवळामावशी वर आली.

मला आधी तिचे पाय दिसले. टाचा फुटलेले, धुळीचे. मग ते पांढऱ्या ठिपक्यांचं लुगडं. ती सरळ माझ्याकडं येत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंतीकडं वळली नाही. मला कळलं, दयानंद गेला. मला सोडून सगळ्या जगाला ते सांगितलंय आणि आता हिला पाठवलंय. ती समोर येऊन उभी राहिली, माझ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाली, "उज्वला, तुझ्या बांगड्या वाढवायला मी..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मी ओरडले. सगळा मजला बाहेर आला इतक्या मोठ्यानं ओरडले. "कुणी बोलावलं तुम्हाला? माझा नवरा जिवंत आहे! चालत्या व्हा इथून! अवदसा मेली!" हो, हाच शब्द. ज्या कपाळाला मी टाळ्यांच्या गजरात कुंकू लावलं होतं, त्याच कपाळाकडं बघून मी अवदसा म्हणाले. ती दोन पावलं मागं गेली, भिंतीला लागली, आणि भिंतीकडं तोंड केलं. सवय! मग तशीच भिंतीच्या कडेकडेनं जिन्यातून खाली गेली.

मी धावत आयसीयूच्या काचेपाशी गेले. नीलम्मा सिस्टर म्हणाली, "काय झालं ओ? पेशंट हाय तसाच हाय." हाय. तेवढा एक शब्द मी धरून उभी राहिले.

तेवढ्यात मामा वर आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. मला वाटलं होतं ते सकाळीच येतील, पण आले ते आत्ता. मी रडत रडत म्हणाले, "मामा, तिला कुणी आणलं इथं?"

"मीच," मामा म्हणाले.

सनातनी माणूस, केवळामावशीला एसटीत शेजारी बसवून नांदेडला घेऊन आला?

मामा बाकावर टेकले. म्हणाले, "काल सांच्याला भावकीतल्या दोघी गेल्या तिच्याकडं. म्हनल्या, दयानंदाचं काई खरं न्हाई, तू तयारीत ऱ्हा, कुटं जाऊ नको. ठरावबिराव काई सांगू नको म्हनल्या. म्हातारी सकाळी माझ्या दारात. पन्नास वर्सात दारात आली न्हाई ती माझ्या. म्हनली, अन्नाराव, मला नांदेडला न्या. मला त्या पोरीला एक गोष्ट सांगायचीय."

"काय?"

"रस्त्यानं दहादा घोकत आली. उज्वला, तुझ्या बांगड्या वाढवायला मी येनार न्हाई. काई बी झालं तरी येनार न्हाई. मी काम सोडलं." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एवढंच वाक्य होतं तिचं."

आपल्या भाषेत 'नाही' शेवटाला येतो. तिथपर्यंत माणूस थांबायला तरी पाहिजे ना! मी तिचं अर्धंच ऐकलं होतं. आणि अर्धं ऐकून जे तिला इतक्या वर्षांत कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, खोटं कशाला सांगू. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी जिना उतरून पळत गेले. ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर, ऑटो उभ्या राहतात तिथं, एका दगडावर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले. माफीबिफी मागायचं मनात होतं, पण तोंडातून आलं ते असं. मी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "मावशी, या निघत नाहीत. निघाल्या नाहीत तर मला आत जाऊ देत नाहीत. आणि फोडायची मला भीती वाटते. लई भीती वाटते."

तिनं माझी लाल मनगटं बघितली. "कशाला वढल्या गं येड्यावानी?" म्हणाली. चहाच्या टपरीमागच्या नळावर नेलं. टपरीवाल्याकडून साबणाचा तुकडा मागून घेतला. माझा हात आपल्या मांडीवर ठेवला, आणि सगळ्यात आधी काय केलं, तर पदराचं टोक ओलं करून माझ्या मनगटाखाली सारलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "काच रुतू न्हाई म्हून. मी समद्यांना घालते. कुनाच्या बी हाताला रगत आलं न्हाई आजवर."

मग अंगठा तळहातात दुमडून, हाडं एकत्र दाबून, साबणाच्या फेसातून तिनं एक एक बांगडी सरकवली. टपरीवर चहा पिणारी माणसं बघत होती. मामा फाटकाशी उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही. प्रत्येक बांगडी हाडावर अडकली की मी श्वास रोखायचे, आणि ती म्हणायची, "श्वास सोड. हात ढिला सोड, पोरी." बाराच्या बारा निघाल्या. एकही फुटली नाही. तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या अन् म्हणाली, "मी राखते. तू जा, पाच वाजून राह्यले."

मोकळ्या मनगटांनी मी आत गेले. ते हात मला माझे वाटेनात. दयानंद डोळे मिटून पडला होता, नाकावर मास्क, छातीला वायरी. मी त्याचा हात हातात घेतला आणि काय बोलावं सुचेना, म्हणून दोरीवरची साडी कुणी काढली ते सांगायला लागले. त्याची बोटं हलली. माझ्या मनगटावर आली, इकडून तिकडं फिरली. काहीतरी शोधत होती. मग त्याचे डोळे खाडकन उघडले. इतका घाबरलेला माणूस मी कधी बघितला नाही. मास्कच्या आतून घोगरा आवाज आला, "उज्वला... मी गेलो का गं?"

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. "नाही हो! साबणानं काढल्यात. खाली केवळामावशीपाशी आहेत." नीलम्मा सिस्टर धावत आली, मशीनकडं बघितलं. "बोलले का? आज पयल्यांदा बोलले," म्हणाली.

तरीही बहात्तर तास संपायचे होते. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी मोकळ्या हातांनी आत-बाहेर केलं. दर वेळी दार उघडलं की आधी मशीनकडं बघायचे. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. केवळामावशी गावाला परत गेली नव्हती. फाटकापाशी बसायची, मामा तिला डबा नेऊन द्यायचे, पण मी खाली उतरले की ती उठून दुसरीकडं जायची. मला वाटलं, रागावली. रागावणारच.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी दयानंदला साध्या वॉर्डात हलवलं. धोका टळला, डॉक्टर म्हणाले. मी सरळ खाली गेले आणि तिला टपरीमागं गाठलं. "मावशी, द्या बांगड्या. वाचला तो."

तिनं पदर घट्ट धरला. "खरंच वाचला?" म्हणाली. "खरं सांग. माझ्या गळ्याची आन."

"वाचला म्हणते ना."

तिनं गाठ सोडली. अकरा बांगड्या, आणि एकीचे तीन तुकडे. "पयल्याच दिशी," ती पुटपुटली. "मी उठले, गाठ दगडावर आपटली. एक... एक वाढली. तीन दिस झाले, मी वर बघून राह्यले. मला वाटलं, आता रडायचा आवाज येतोय, आता येतोय. कुनाला सांगू? पन्नास वर्स दुसऱ्याच्या वाढवल्या मी, पन आसं भ्या कधी वाटलं न्हाई."

सत्तरीची बाई. तीन दिवस, तीन रात्री, खिडकीकडं बघत. आणि मी वर समजत होते की या दवाखान्यात सगळ्यात घाबरलेली बाई मीच.

मी तिच्यापाशी बसले. "वाढली नाही मावशी. फुटली. फुटली म्हणा."

"आसं बोलू न्हाई गं."

"मीही बोलले नाही. ठरावातसुद्धा लिहिलं नाही, मीच खोडलं. म्हणा तुम्ही."

तिनं वर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडं बघितलं. मीही बघितलं. मग अगदी बारीक आवाजात, लहान पोरीनं गुन्हा कबूल करावा तशी ती म्हणाली, "फुटली."

आम्ही दोघी थांबलो. ऑटोवाला कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता. टपरीवर कप धुतले जात होते. आणि फाटकातून मामा चिडून येताना दिसले. "तुमचं काय चाललंय दोघींचं? तो वर वरडून राह्यलाय. म्हनतोय, ह्या उपम्याला मीठ न्हाई, उज्वलाला म्हनावं घरून आन."

केवळामावशी तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी हात पुढं केले. "भरा," म्हणाले. तिनं मान हलवली, मामांकडं बघितलं. विधवेनं सवाशिणीला बांगड्या भरायच्या, आणि तेही भर रस्त्यात! मामांनी पिशवी खाली ठेवली आणि नळ सोडला. "साबण लाव केवळे," म्हणाले. "आधी निघत नव्हत्या, आता चढतील कशा?"

माझ्या हातात अजून अकराच आहेत. एका हातात सहा, एका हातात पाच. गावातल्या बायका विचारतात, "एक कमी दिसतीय मॅडम, वाढली का?"

"फुटली," मी म्हणते. म्हणताना आजही क्षणभर कान घराकडं लागतात. आत दयानंदची भांडी वाजली की मग पुढं बोलते.